तुझ्या वाट्याचा गुंठा

अगं बाई, विहिरीजवळचा गुंठाभर तुकडा यंदा भाजीला सोडायचा असं तुमच्या घरात ठरलं हे कळलं आणि फार बरं वाटलं. फोनवर सगळं सांगून होत नाही. मधेच कुकरची शिट्टी होते नाहीतर पोरं हाका मारतात. म्हणून निवांत बसून लिहितेय. वाचून झालं की तुझ्या जावेला दे, बचत गटातल्या बायकांनाही दे. आपल्या पूर्णा तालुक्यात असा तुकडा मागावा की नाही, या विचारात असलेल्या कितीतरी जणी आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. या तुकड्यातलं सगळं एकदम कधीच पिकत नाही. प्रत्येक हंगामात काहीतरी हातचं जातं आणि काहीतरी पदरात पडतं. पहिल्याच पावसाळ्यानंतर भाजीपाला सोडून दिलेल्या बायका मी आपल्या भागात पुष्कळ पाहिल्यात. त्या कष्टाला कमी नव्हत्या. एकाच दिवशी सगळा तुकडा पेरून त्या मोकळ्या झाल्या होत्या, आणि एका पावसानं सगळंच नेलं. ज्या टिकल्या, त्या थोडं थोडं आणि सारखं पेरणाऱ्या होत्या. बाकी तू काहीही विसरलीस तरी चालेल, एवढं विसरू नकोस.

गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद. चाळीस गुंठ्यांचा एकर धरणाऱ्या घरात त्याला कुणी जमीन म्हणत नाही, मला माहीत आहे. तरी विलायतेतली गोष्ट ऐक. तिथं नगरपालिका लोकांना भाजी पिकवायला जमिनीचे छोटे तुकडे नाममात्र भाड्यानं देते. त्यासाठी १९०८ सालचा कायदा आहे. त्यांचा पुरा तुकडा आपल्या हिशेबानं अडीच गुंठ्यांचा असतो, आणि तेवढ्यासाठी लोक वर्षानुवर्षं यादीत नाव लावून बसतात. तुला घरातच गुंठा मिळाला. तो लहान आहे म्हणून कुणी हसलं तर मनाला लावून घेऊ नकोस.

आणि आपल्याला त्याची गरज किती आहे ते बघ. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, मोठ्या माणसानं दिवसाला चारशे ग्रॅम भाजीपाला खावा. पाच जणांचं घर धरलं तर रोज दोन किलो झाला. आपण आठवडी बाजारातून काय आणतो? किलोभर वांगी, बटाटे, मेथीच्या दोन जुड्या. बुधवार-गुरुवारपर्यंत पिशवी रिकामी, मग बेसन नाहीतर डाळ. आणि जी भाजी होते, ती पोरं आणि पुरुषमाणसं जेवून उठेपर्यंत कढईच्या तळाला लागलेली असते. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. दवाखान्यातल्या लाल गोळ्या घ्यायच्याच. पण दारची भाजी असली की सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटातही ती पडते. मला तुझ्यासाठी हेच हवंय.

आपल्या आईच्या वेळी अशी वेगळी जागा मागावी लागत नव्हती. ज्वारीत, कापसात बायका इरवड टाकायच्या. तासातासानं अंबाडी, भेंडी, गवार, चवळी, बांधाच्या कडेनं वाळकाचे वेल. निंदायला गेलेली बाई घरी येताना ओटीत भाजी घेऊन यायची. तांदुळजा, घोळ, कुर्डू, पाथरी यांना तर पेरायचीही गरज नव्हती. मग सगळीकडे सोयाबीन आलं, तणनाशकं आली. तणासोबत रानभाजी गेली आणि इरवडही गेली. सोयाबीननं घरात पैसा आणला, ते मी नाकारत नाही. पण बाईच्या ओटीतली भाजी त्या पैशातून परत आली नाही. म्हणून आता तिच्यासाठी वेगळा तुकडा राखून ठेवावा लागतो.

हा विचार नवा नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९९१ मध्ये शेगावच्या मेळाव्यात चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला, तेव्हा त्यातलं पहिलं अंग होतं सीताशेती. घरच्या जमिनीतला एक लहान तुकडा बाईच्या हाती द्यायचा, तिथं तिच्या परंपरेनं आलेल्या शहाणपणानं, बाहेरची खतं-औषधं न आणता घरासाठी पिकवायचं. त्याच सुमाराला बायकोच्या नावानं जमीन करून देण्याची लक्ष्मीमुक्ती मोहीम त्यांनी गावोगाव नेली. आणि आपल्या मराठवाड्यातच बघ. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या बायकांसोबत ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था उभी राहिली. प्रेमा गोपालन यांनी ती बांधली. दुष्काळात कर्ज काढून एकच नगदी पीक घ्यायचं आणि तेही बुडायचं, यावर तिथल्या बायकांनी वाट काढली. घरच्यांकडून एक एकर, नाही जमलं तर अर्धा एकर मागून घेतला. त्यात भाज्या, डाळी, धान्य असं खायचं तेच पिकवलं, आणि काय पेरायचं, किती विकायचं हे बाईनं ठरवलं. २०१७ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तुझ्या गटातून ‘उमेद’च्या पोषण परसबागेची माहिती मिळते, तिच्यामागचा विचारही हाच. म्हणजे तू काही जगावेगळं मागितलेलं नाहीस.

आता मातीकडे ये. आपली जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पाणी धरून बसते. भाजीचं निम्मं नुकसान या साचलेल्या पाण्यानंच होतं. मुळं गुदमरतात, रोप पिवळं पडतं आणि आपण त्याला खत घालत बसतो. म्हणून मे महिन्यातच गादीवाफे करून घे. वीतभर उंच, तीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसलं की मधोमध हात पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट ठेव. या हिशेबानं गुंठ्यात सात वाफे बसतात. वाटांचा उतार एकीकडे काढ आणि टोकाला चर खण. २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला परभणी, हिंगोली, नांदेडात जी अतिवृष्टी झाली, तेव्हा सपाट शेतं तळ्यासारखी भरली होती. तेवढ्या पावसापुढं कुणाचंच काही चालत नाही. पण नेहमीच्या झडीत उंच वाफा तग धरतो.

शेणखत पुरतं कुजलेलंच घाल. हातात घेतलं तर भुगा व्हायला हवा आणि शेणाचा वास येऊ नये. कच्च्या शेणामागून हुमणी येते, वाळवी येते. सोयाबीनचं भुसकट जाळू देऊ नकोस, ते पोत्यात भरून ठेव. वाफ्यावर त्याचा थर दिला की तणही कमी आणि पाणीही कमी लागतं. तुराट्या आणि पऱ्हाट्या तर आपल्याकडे ढिगानं असतात. पऱ्हाट्यांचं कुंपण होतं, तुराट्यांवर वाल-चवळी चढते. मांडवाला मात्र बांबू नाहीतर बाभळीच्या मेढी हव्यात. दोडक्याचा भरलेला मांडव आषाढातल्या वाऱ्यानं एकदा बसला की परत उभा राहत नाही.

पाण्याचं आधी घरात बोलून घे. कृषिपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला उठून तू भाजीला पाणी द्यावंस असं मला अजिबात वाटत नाही. तुकड्याशेजारी एक मोठा ड्रम ठेव. मोटर चालू असेल तेव्हा घरच्यांनी तो भरायचा, एवढा शब्द घे. मग सकाळी तू तांब्यानं, झारीनं, नाहीतर ड्रमला बारीक नळी जोडून पाणी दे. वेलांच्या बुडाशी जुनं मडकं मानेपर्यंत पुरून, भरून झाकून ठेवलं तर ते हळूहळू झिरपत राहतं. धुण्या-भांड्याचं पाणी अळूला, केळीला, शेवग्याला वळव. शेवगा आणि कढीपत्ता कोपऱ्यात लावायचेच. सगळं गेलं तरी शेवग्याचा पाला घरात असतो.

आता वर्षभरात काय होतं ते सांगते, म्हणजे पुढं धक्का बसणार नाही.

मृगाचा पाऊस पडला की भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारलं, काकडी, वाळूक, अंबाडी टाक. वांगी-मिरचीची रोपं मेमध्येच सावलीतल्या वाफ्यात टाकून ठेव, पाच-सहा आठवड्यांची झाली की लाव. पावसाळ्यात मेथी-कोथिंबिरीच्या नादी लागू नकोस. आपल्या मातीत ती झडीनं कुजते. श्रावणात मेथीची जुडी महाग होते ती यामुळेच. त्या दिवसांत अंबाडी आणि चवळीच्या पाल्यावर भागव.

दसरा जवळ आला की आपल्या भागात भाजीचे सोन्याचे दिवस सुरू होतात. मेथी, पालक, शेपू, चुका, कोथिंबीर, मुळा, गाजर, लसूण, वाटाणा, टोमॅटो, कोबी, काय लावशील ते येतं. मेथी महिन्याभरात हाताशी येते, कोथिंबिरीला दीड महिना धर. धणे रगडून दोन फाकी कर, रात्रभर भिजव आणि मग पेर. पण इथंच मोह होतो. सगळे वाफे एकदम पेरले की महिन्यानं घरात मेथीच मेथी आणि त्यानंतर काहीच नाही. अर्धा वाफा आज, अर्धा पंधरा दिवसांनी, असं होळीपर्यंत चालू ठेव. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे काही रात्री पारा पाच अंशांच्याही खाली जातो. टोमॅटो-वांग्याची पानं करपतात. थंडीची लाट येणार असं कळलं की संध्याकाळी हलकं पाणी दे आणि बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर कर. मग भोगीला तुझ्याच वाफ्यातली गाजरं, वांगी, वालाच्या शेंगा आणि ओला हरभरा घालून भाजी होईल. बाजारातून फक्त तीळ आणावे लागतील.

उन्हाळा कठीण असतो. ऊन चाळिसाच्या वर गेलं की टोमॅटोची फुलं गळतात आणि विहिरीचं पाणी तळाला जातं. त्या वेळी सात वाफे जगवण्याचा हट्ट धरू नकोस. दोन वाफे ठेव. त्यात गवार, भेंडी, तांदुळजा एवढंच घे आणि पश्चिमेच्या अंगाला मक्याची दाट ओळ लाव म्हणजे दुपारनंतर सावली पडते. बाकीचे वाफे नांगरट करून तापू दे. उन्हानं मातीतल्या अळ्या आणि कोष मरतात. २०१६ सारखं वर्ष आलं, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं तसं, तर सगळेच वाफे कोरडे सोडायचे. शेवगा जगवायचा आणि मृगाची वाट पाहायची. एखादा हंगाम बंद ठेवला म्हणजे बाग मोडली असं होत नाही.

भेंडीबद्दल जरा जास्त सांगते, कारण ती आपल्या जिल्ह्याची आहे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळं पान, मग भेंडीही पिवळट. त्याला केवडा म्हणतात. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. एकदा लागला की त्यावर औषध नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठानं जंगली भेंडीशी संकर करून केवड्याला दाद न देणारं वाण काढलं, ‘परभणी क्रांती’. १९८५ च्या सुमाराला ते आलं आणि देशभर पसरलं. हल्ली तेही कधीकधी केवड्याला बळी पडतं. तरी पहिल्या वर्षी तू तेच लाव. ते संकरित नसल्यामुळे घरचं बी धरता येतं. दर वर्षी अठरा मेला, विद्यापीठाच्या स्थापनादिनी, खरिपाचा मेळावा भरतो आणि सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, रब्बीचा. तिथं बियाणंही मिळतं आणि शास्त्रज्ञांशी बोलताही येतं. आपल्या पूर्णा जंक्शनवरून परभणी कितीशी लांब? घरच्या पुरुषमाणसांना जाऊ दे, पण तूही जा. रोगट पान कागदात गुंडाळून सोबत ने आणि दाखवून विचार. केवड्याचं झाड दिसलं की मात्र दया न करता उपटून पुरून टाक. एका झाडाचा लोभ सगळ्या ओळीला भोवतो.

तोडणी एक दिवसाआड कर. भेंडीचं टोक मोडून बघ, कट्कन मोडलं तर कोवळी. वाकलं तर जून झाली. जून भेंड्या झाडावर तशाच राहिल्या की झाड नवी फुलं धरत नाही. तोडताना हाताला फडकं बांध, नाहीतर दिवसभर खाज सुटते.

वांग्याची खोडी वेगळी. सकाळी ताठ असलेला शेंडा दुपारी मान टाकतो. तुला वाटेल पाणी कमी पडलं. तो शेंडा वीतभर खाली मोड आणि नखानं उभा चिर. आत गुलाबीसर पांढरी अळी सापडेल. तीच पुढं फळात शिरते. दर आठवड्याला एकदा ओळीतून फिरायचं, वाळके शेंडे मोडायचे, किडकी फळं वेचायची आणि बांधापासून दूर खोल पुरायची. बांधावर टाकून दिलीस तर आतल्या अळीचा पाकोळा होऊन ती पुन्हा वाफ्यात येते. फवारणीपेक्षा हे फिरणं जास्त उपयोगी पडतं.

माव्याला आणि पांढऱ्या माशीला निंबोळीचा अर्क पुरतो. जून-जुलैत झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या वेच, गर धुऊन बिया सावलीत वाळव. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम बियांची भरड, रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळायची, चिमूटभर साबणाचा चुरा टाकायचा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं फवारायचं. चवळीच्या शेंड्यावर काळा मावा दिसला की लगेच पंप उचलू नकोस. दोन दिवस थांबून नीट बघ. ठिपक्यांचे लाल ढालकिडे आले असतील, आणि त्यांच्यासोबत काळी-नारिंगी, खरबरीत अंगाची बारकी अळी असेल. ती ढालकिड्याचंच पिल्लू. तीही मावा खाते. बायका ती घाण समजून चिरडतात. तू चिरडू नकोस.

एक मात्र निक्षून सांगते. कापसा-सोयाबीनवर मारायचं औषध भाजीवर मारायचं नाही, घरातल्या कुणी कितीही सांगितलं तरी. आणि तणनाशक मारलेला पंप तुझ्या तुकड्यात आणूच द्यायचा नाही. पंपाच्या तळाला राहिलेल्या थेंबभर टू-फोर-डीनंही टोमॅटोची पानं दोरीसारखी पिळवटतात. तुझ्यासाठी हातातला छोटा पंप वेगळा घे आणि तो वेगळ्या जागी ठेव. शेजारच्या शेतात तणनाशक मारणार असतील तर वारा बघून मारा, एवढं बांधावर जाऊन बोलायला लाजू नकोस.

वेलांचं एक गुपित सांगते. दोडक्याला, भोपळ्याला फुलं भरभरून येतात आणि फळच धरत नाही, मग बायका म्हणतात नजर लागली. तसं काही नसतं. पहिली येतात ती नरफुलं, नुसत्या देठावरची. मादी फूल पुढं येतं आणि त्याच्या मागं बोटभर कोवळं फळ आधीच दिसतं. मधमाश्या कमी असल्या की ते पिवळं पडून गळतं. मग आपणच हात लावायचा. लाल भोपळ्याची फुलं पहाटे उमलतात. उजाडल्यावर ताजं नरफूल खुडून, पाकळ्या काढून, त्याची पिवळी भुकटी मादी फुलाच्या मधल्या गोंड्याला हलकेच लाव. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, त्यांना दिवेलागणीला. आठवडाभरात फळ फुगायला लागलं की तुझं तुलाच कळेल. आणि मधमाश्या येत राहाव्यात म्हणून फुलं उघडी असताना कधीही फवारायचं नाही.

दिवेलागणीला वेलात हात घालताना बॅटरी घे, पायात बूट घाल. ओल्या वाफ्यात बेडूक येतात, त्यांच्यामागं साप येतो. या बाबतीत धीटपणा नको.

जनावरांचा त्रास होणार. रोही, रानडुकरं, वानरं, आणि सगळ्यांत जास्त शेजारच्या शेळ्या. वांगी-टोमॅटो घराच्या किंवा विहिरीच्या बाजूला लाव, जिथं माणसांची वर्दळ असते. शेळ्यांवरून भांडण करू नकोस. पहिली दोडकी निघाली की त्या घरी नेऊन दे. माणसं आपल्या पोटात गेलेली भाजी राखतात.

कधीकधी भाजी अंगावर येईल. जानेवारीत टोमॅटो कुणी फुकट घ्यायला तयार नसतं. तेव्हा खिन्न होऊन बाग सोडायची नाही. गवारीच्या, कारल्याच्या काचऱ्या वाळव, मेथी सावलीत सुकव, कोहळ्याचे सांडगे घाल. मेमध्ये तेच उपयोगी पडतं. बाजारात न्यायची असेल तर घरचं भागून उरलेलीच ने. विकायच्या नादानं चांगली भाजी बाजारात आणि किडकी घरात, असं झालं की ज्यासाठी तुकडा मागितला तेच राहून गेलं. आलेला पैसा मात्र तुझ्या हातात ठेव, गटातल्या तुझ्या खात्यात टाक. एक वही कर. काय पेरलं, कधी पेरलं, काय निघालं, काय गेलं, ते लिहून ठेव. दोन वर्षांत ती वही तुला कुणाही सल्लागारापेक्षा जास्त सांगेल.

बी धरायला शीक. ओळीतलं सगळ्यात निरोगी झाड निवड, त्याला लाल चिंधी बांध आणि घरात सगळ्यांना सांगून ठेव की याचं तोडायचं नाही. फळ झाडावरच पिकू दे, वाळू दे. बी राखेत घोळवून मडक्यात नाहीतर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेव, वर नाव आणि साल लिही. संकरित पाकिटाचं बी धरू नकोस, पुढच्या वर्षी ते आईसारखं येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे याच वाटेनं गेल्या. शाळेत न गेलेल्या या बाईंनी घरात गावरान बियाण्याची बँक उभी केली आणि २०२० ची पद्मश्री त्यांच्या नावावर आली. आपल्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायकांकडे अजूनही वाळकाचं, पावट्याचं, काटेरी वांग्याचं बी मूठमूठ पडून आहे. त्या आहेत तोवर जाऊन माग. त्या आनंदानं देतात, आणि सोबत ते कसं लावायचं तेही सांगतात.

शेवटी कामाचं बोलते. तुझ्यावर घरचं, रानातलं, पोरांचं आधीच खूप आहे. ही बाग त्यावरचं आणखी एक ओझं होऊ देऊ नकोस. खणणं, मांडव, कुंपण ही जड कामं पुरुषमाणसांची, हे पहिल्या दिवशीच ठरव. पाणी पोरांकडं दे. लेकीला आणि लेकालाही. तुझ्याकडं निर्णय ठेव, काय लावायचं, किती, कुठं. सातबाऱ्यावर तुझं नाव आज नसेल. ते लावून घ्यायचं बोलणंही एक दिवस काढायचंच आहे. पण या गुंठ्यावर तुझा शब्द चालतो, हे घराला आणि गावाला दिसू दे.

मृग जवळ आलाय, तेव्हा या आठवड्यात वाफे करून घे आणि पहिल्या पावसाला दोनच वाफे पेर, बाकीचे मागून. पहिल्या वर्षी निम्मं जरी हाताला लागलं तरी ते चांगलं पिकलं असं समज. आणि एखादा हंगाम वाया गेला म्हणून कुणी म्हणालं, “द्या तो तुकडा परत, सोयाबीन तरी होईल,” तर तो देऊ नकोस.